28 दिवसांचं कुलूप

3 जुलै 2024 रोजी जिओ आणि एअरटेलचे दर वाढले, 4 जुलैला व्होडाफोन आयडियाचे. 5 जुलैला केंद्रीय दळणवळण मंत्रालयाने निवेदन काढलं. भारतातली मोबाइल सेवा जगातल्या सर्वांत स्वस्त सेवांपैकी आहे, बाजारात तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी आहे, दर बाजार ठरवतो आणि सरकार त्यात हात घालत नाही, असं त्यात म्हटलं होतं. निवेदन जुनं झालं, पण त्यातला युक्तिवाद अजून सगळीकडे चालतो. रिचार्जबद्दल कुणी तोंड उघडलं की हेच ऐकायला मिळतं, वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर आणि मोबाइलच्या दुकानात सुद्धा. आपल्याकडे जगात सगळ्यांत स्वस्त आहे. परवडत नसेल तर पोर्ट करा. आणि आपल्याकडचे फोन काही अमेरिकेतल्यासारखे कंपनीला बांधलेले नसतात, सिम बदललं की झालं.

हे तीन दावे एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. दर जास्त वाटतो म्हटलं तर पोर्ट करायला सांगतात, पोर्ट करून रेंज येत नाही म्हटलं तर फोन बदलायला सांगतात, आणि फोन बदलायला पैसे नाहीत म्हटलं की पुन्हा जगातल्या स्वस्ताईचा तक्ता समोर ठेवतात. म्हणून तिन्ही एकत्रच तपासायला हवेत, आणि मी ते भंडारा जिल्ह्यात उभा राहून तपासतो आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे बारा लाख लोकांचा, सात तालुक्यांचा हा जिल्हा. दर दहांतले आठ जण खेड्यात राहतात. धानाची शेती, रोवणी-कापणीची मजुरी, तुमसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी, आणि हंगाम संपला की कामासाठी नागपूरची नाहीतर तेलंगणाची वाट. इथे मोबाइलवर व्हिडिओ बघितले जातातच. पण त्याआधी तो लागतो बाहेरगावी गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला आणि सरकारी मेसेज यायला.

स्वस्ताईच्या दाव्याला मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आकड्यांचा आधार दिला होता. महिन्याला किमान 140 मिनिटं बोलणं, 70 एसएमएस आणि 2 जीबी डेटा यासाठी भारतात 1.89 डॉलर लागतात, नेपाळात 2.75, बांगलादेशात 3.24, चीनमध्ये 8.84 आणि अमेरिकेत 49, असा तो तक्ता. त्याच तक्त्यात पाकिस्तानचा आकडा 1.39 होता, म्हणजे आपल्यापेक्षा कमी. त्याची चर्चा फारशी झाली नाही, आणि माझा मुख्य आक्षेपही तो नाही. आक्षेप 1.89 या आकड्यावर आहे. तेव्हा डॉलर साडेत्र्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे 1.89 डॉलरचे झाले सुमारे 158 रुपये. पण 3 जुलैपासून जिओचा 28 दिवसांचा सर्वांत लहान पॅक 155 वरून 189 वर गेला होता, एअरटेलचा 179 वरून 199 वर. दरवाढीच्या समर्थनासाठी पुढे केलेला आकडा दरवाढीच्या आधीचा होता. दोनच दिवसांपूर्वी जो भाव संपला, तो भाव दाखवून लोकांना सांगितलं गेलं की बघा, किती स्वस्त.

जीबीमागे किती रुपये पडतात हे मोजलं तर भारत स्वस्त आहे, यात वाद नाही. पण जो माणूस एकही जीबी वापरत नाही त्याला हे मोजमाप काय कामाचं? देशात सुमारे 15 कोटी लोक अजून साधे, बटणाचे फोन वापरतात, असं खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2024 मध्ये नोंदवलं आहे. यांच्यासाठी एकच हिशेब खरा: नंबर चालू ठेवायला वर्षाला किती पैसे लागतात?

तो हिशेब मांडू. 2018 च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. 28 दिवसांना 35 रुपये. त्याआधी बॅलन्स शिल्लक असेल तर इनकमिंग चालू राहायचं. 2006 च्या सुमारास तर 999 रुपये एकदाच भरून ‘लाइफटाइम’ इनकमिंग विकलं गेलं होतं, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी ते विश्वासाने घेतलं होतं. पुढे एअरटेलचा हा किमान आकडा जुलै 2021 मध्ये 79 झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात 99, पुढच्या दोन वर्षांत 155 आणि मग 179, आणि जुलै 2024 मध्ये 199. वर्षात 28 दिवसांची तेरा आवर्तनं बसतात. 2018 मध्ये वर्षाला 455 रुपये लागत होते, आता 2,587. 2018-19 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजची मजुरी 203 रुपये होती, 2025-26 मध्ये ती 312 झाली. म्हणजे 2018 मध्ये सव्वादोन दिवसांच्या मजुरीत वर्षभर नंबर जिवंत राहायचा, आता त्याला आठ दिवसांहून जास्त राबावं लागतं. घरात दोन फोन असतील तर साडेसोळा दिवस.

यावर एक उत्तर येईल आणि ते खोटं नाही. 35 रुपयांत बोलण्याचे पैसे वेगळे कापले जायचे, आज बोलणं अमर्याद आहे, वर 2 जीबी डेटाही मिळतो. बरोबर. ज्याला दिवसाला तासभर बोलायचं आहे त्याचा यात फायदाच झाला. पण लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या रोवणीवालीला फोन लागतो तो मुलाचा हैदराबादहून येणारा फोन घ्यायला आणि बँकेचा मेसेज यायला. अमर्याद बोलणं तिने मागितलं नव्हतं. न मागितलेली वस्तू सक्तीने गळ्यात मारून तिची किंमत वसूल करायची आणि मग वस्तू किती स्वस्त दिली म्हणून उपकार सांगायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जास्त टोकाचा झाला, कारण सरकारने माणसाची सगळी ओळख मोबाइल नंबराला बांधली. पीएम किसानच्या केवायसीला ओटीपी, बँकेच्या खात्याला ओटीपी. जुलै 2024 मध्येच, ज्या महिन्यात दर वाढले त्याच महिन्यात, राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येईल तेव्हाच ती पूर्ण होणार. हातात 1,500 रुपये येत राहावेत म्हणून नंबर चालू ठेवायचा आणि त्यासाठी दर 28 दिवसांनी 189 नाहीतर 199 भरायचे. म्हणजे सरकारने दिलेल्या मदतीचा आठवा हिस्सा नंबर चालू ठेवण्यातच जातो.

आणि नंबर गेला तर? वापर नसलेला प्रीपेड नंबर 90 दिवसांनंतर बंद करता येतो. बंद झालेला नंबर आणखी 90 दिवस कुणाला दिला जात नाही, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सांगण्यात आलं. त्यानंतर तो दुसऱ्याचा होऊ शकतो. मग आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडा, त्याची फी ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, बुडालेली मजुरी वेगळी. बँकेत पुन्हा अर्ज, रेशनमध्ये पुन्हा. एका चुकलेल्या रिचार्जची ही किंमत आहे. जो नंबर सरकारने नागरिकत्वाचा दाखला करून ठेवला, तो चालू ठेवण्याचा दर ‘बाजार ठरवेल’ असं सरकारला म्हणता येणार नाही. रेशन कार्ड चालू ठेवण्याचा दर आपण खासगी कंपनीला ठरवू दिला असता का?

जानेवारी 2025 मध्ये एक बातमी गावोगाव फिरली. म्हणे ट्रायने नियम केला, आता 20 रुपयांत सिम चालू राहणार. लोकांना हायसं वाटलं. तो नियम नवा नव्हता, 2013 चा होता. खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर नंबर काढून घेता येत नाही, एवढंच तो सांगतो. नंबर तुमच्या नावावर राहतो, पण पॅकची मुदत संपली तर त्यावर फोन येईल, ओटीपी येईल, याची हमी त्यात नाही. नावापुरता नंबर ठेवून भंडाऱ्याच्या माणसाने काय करायचं?

ट्रायने एक चांगलं पाऊल मात्र उचललं, आणि त्याचं पुढे काय झालं हे सगळ्यांत बोलकं आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक वेगळे द्या. जानेवारीत पॅक आले. एअरटेलचा 84 दिवसांचा 509 रुपयांचा एक पॅक होता, त्यात 6 जीबी डेटा मिळायचा. तोच पॅक डेटा काढून 499 ला आणला गेला. 6 जीबी डेटा काढून घेतल्याबद्दल ग्राहकाला 10 रुपये सूट. ट्राय या पॅकची तपासणी करणार हे स्पष्ट झाल्यावर तो 469 वर आला, आणि जिओचा 458 चा पॅक 448 वर. आज कुणी म्हणेल की घ्या, तुमची मागणी पूर्ण झाली. झाली नाही. 448 रुपये 84 दिवसांना म्हणजे 28 दिवसांना सुमारे 149. डेटासकटच्या 189 पेक्षा फक्त 40 रुपये कमी, आणि तेही एकरकमी 448 भरले तरच. 28 दिवसांचा, डेटा नसलेला, लहान पॅक त्या यादीत नव्हता. लांब मुदतीच्या पॅकला तर जिओचे 336 दिवसांना 1,748 आणि एअरटेलचे वर्षाला 1,849 एकदम मोजावे लागतात. ज्याची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला येते आणि बाजाराच्या दिवशी संपते, त्याला हा पर्याय कागदावरच आहे.

या 10 रुपयांच्या सुटीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कंपन्या सांगतात की नेटवर्कवर, स्पेक्ट्रमवर प्रचंड खर्च होतो. होतो, नाकारण्याचं कारण नाही. 2022 च्या लिलावातच दीड लाख कोटी रुपयांचं स्पेक्ट्रम विकलं गेलं. पण ते घेतलं डेटासाठी, 5जीसाठी. 6 जीबीची किंमत जर 10 रुपये असेल, तर उरलेले 499 कशाचे? आणि डेटा खरंच महाग पडत असेल, तर तो न वापरणाऱ्याला फक्त 10 रुपये का सुटले? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जुलै 2024 नंतर रोज 2 जीबीचा पॅक घेणाऱ्याला अमर्याद 5जी फुकट आहे. त्या 5जीचा खर्च कुणाच्या तरी रिचार्जमधून निघतो, आणि त्यात बटणाच्या फोनवाल्याचा वाटा आहे. एअरटेलचं एका ग्राहकामागचं सरासरी मासिक उत्पन्न त्या वर्षी एका तिमाहीत 211 वरून 233 वर गेलं, आणि ते 300 व्हावं असं कंपनी उघडपणे म्हणत आली आहे. तिने म्हणावं, तो तिचा धंदा आहे. पण ज्याचं स्वतःचं उत्पन्न त्या वेगाने वाढत नाही, त्याचं काय करायचं याचं उत्तर धंद्याकडे नसतं. ते नियामकाने द्यायचं असतं.

आता पोर्ट करण्याकडे येऊ. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. आधी तिला 19 रुपये लागत, आता 6 रुपये 46 पैसे. ही सोय चांगली आहे, आणि ती कंपन्यांनी आपणहून दिलेली नाही. नियमाने दिली, आणि पुढेही नियमानेच टिकवावी लागली. पोर्टसाठी 1900 ला एसएमएस करावा लागतो. लहान पॅकमध्ये आउटगोइंग एसएमएसच नसायचे, त्यामुळे गरीब ग्राहकाला पोर्टचा मेसेजही पाठवता येत नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की 1900 चा एसएमएस कुठल्याही पॅकमधून गेला पाहिजे. ज्यांना आज ‘पोर्ट करा’ म्हणणं इतकं सोपं वाटतं त्यांनी हा आदेश कशामुळे काढावा लागला ते आठवावं.

पण जायचं कुठे? 27 जून 2024 ला एका कंपनीने दरवाढ जाहीर केली, 28 जूनला उरलेल्या दोघींनी. तीन दुकानांत एकाच आठवड्यात भाव चढला तर दुकान बदलण्याचं स्वातंत्र्य कशाचं? तरी लोक गेले. त्या जुलैत सरकारी बीएसएनएलला सुमारे 29 लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. काही महिन्यांत ओघ आटला आणि वर्ष संपेपर्यंत बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा कमी होऊ लागले. लोकांना स्वस्त हवं होतं, पण नेटवर्कही हवं होतं.

खेड्यात कंपनी निवडताना माणूस आधी दर बघत नाही, टॉवर बघतो. भंडारा शहरात, साकोलीत किंवा महामार्गावर कुठलंही सिम चालेल. कोका अभयारण्याच्या कडेला गेलं, लेंडेझरीच्या जंगलाकडे वळलं की कोणत्या वस्तीत कोणतं सिम लागतं हे तिथल्या लोकांना पाठ असतं, आणि पुष्कळदा उत्तर एकच असतं. तिथे पोर्ट करणं म्हणजे फोन बंद करणं. घरातल्या एका खोलीत रेंज आणि दुसऱ्या खोलीत नाही, अशा ठिकाणी स्पर्धेची भाषा फोल आहे.

याला उपाय आहे, आणि तो सरकारला माहीत आहे. 17 जानेवारी 2025 रोजी दूरसंचार विभागाने सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे 27 हजार टॉवरांवर कंपन्यांमधलं अंतर्गत रोमिंग सुरू केलं. जिओ, एअरटेल, बीएसएनएल, कुणाचंही सिम असलं तरी तो टॉवर पकडायचा. वादळात, पुरात हीच सोय तात्पुरती चालू केली जाते, म्हणजे तांत्रिक अडचण नाही. मग ती सरकारी पैशाच्या टॉवरांपुरतीच का? ज्या गावात एकच टॉवर आहे, तो कुणाचाही असो, तिथे सगळ्यांचं सिम चालायलाच हवं. ज्याचा टॉवर त्याला दुसऱ्या कंपनीने भाडं द्यावं, त्याचा दर ट्रायने ठरवावा.

नियमाने काय होतं याचा अनुभव आपल्याला आहे. 2003 पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडत. तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, बावनथडीच्या पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या गावांत घरी बसलेल्या माणसाचा फोन मध्य प्रदेशचा टॉवर पकडायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. तेव्हाही सांगितलं जायचं की हे असंच असतं, दुसऱ्या सर्कलचं नेटवर्क फुकट कसं मिळेल. नियामकाने रोमिंगच्या दरांना मर्यादा घातली, ती उतरवत नेली, आणि आज रोमिंगच्या नावाने कुणी घाबरत नाही. कुठली कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

तिसरा दावा फोनचा. तो वरवर सर्वांत खरा वाटतो. दुकानात मिळणारा बहुतेक कुठलाही फोन घ्या, त्यात कोणाचंही सिम बसतं. अमेरिकेत कंपनीच्या करारावर घेतलेला फोन दुसऱ्या कंपनीवर चालत नाही, कुलूप उघडून घ्यावं लागतं, तसं इथे नाही. पण सिम बसणं आणि फोन चालणं यात फरक आहे.

2003 मध्ये रिलायन्सने 501 रुपयांत हातात दिलेला सीडीएमए फोन आमच्या पिढीला आठवत असेल. त्यात सिमच नसायचं, नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी बदलायची तर फोन फेकायचा. पुढे ती सेवाच बंद झाली आणि ते फोन कुचकामी ठरले. ते दिवस गेले असं समजायचं कारण नाही. 2023 मध्ये 999 रुपयांत आलेला जिओभारत हा बटणाचा 4जी फोन फक्त जिओच्या सिमवर चालतो. त्याला 28 दिवसांचा पॅक 123 रुपयांचा, त्यात 14 जीबी डेटा. त्याच कंपनीचं सिम मोकळ्या फोनमध्ये घातलं की किमान पॅक 189 चा, आणि डेटा 2 जीबी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 28 दिवस बोलणं आणि 14 जीबी डेटा 123 रुपयांत देणं कंपनीला जमतं, हे तिनेच सिद्ध केलं आहे. मग मोकळ्या फोनवाल्याकडून 66 रुपये जास्त घेतले जातात ते कशाचे? तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, याचे. वर्षाला 858 रुपये. फोन कंपनीला बांधलेला नसण्याची फी, आणि ती दर 28 दिवसांनी. जो माणूस 123 चा पॅक घेतो त्याला मी दोष देत नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. पण भाव कमी करण्याची ताकद असताना तो फक्त कुलपाच्या आत कमी करणं, हे ग्राहकाच्या हिताचं म्हणून विकू नये. कॅनडाने डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनने डिसेंबर 2021 पासून कंपनीला बांधलेले फोन विकायलाच मनाई केली आहे. आपल्याकडे ते आजही उघडपणे विकता येतात.

मोकळ्या फोनचंही सगळं सुरळीत नाही. जिओचं नेटवर्क फक्त 4जी आणि 5जीचं आहे, त्यात जुनं 2जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी, म्हणजे 4जीवरून बोलण्याची सोय, नसलेल्या फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर नेहमीसारखा फोन लागत नाही. एअरटेलने 2020 पर्यंत 3जी बंद केलं, म्हणून तेव्हाचे 3जी स्मार्टफोन आज त्यावर 2जीच्या गतीने रांगतात. जिओचं 4जी 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झवर चालतं, बीएसएनएलचं नवं 4जी 700 आणि 2100 वर. काही वर्षांपूर्वीच्या पुष्कळ स्वस्त फोनांत 700 मेगाहर्ट्झचा बँड नाही. खेड्यात लांबवर पोचणारा आणि भिंतीतून आत शिरणारा बँड नेमका तोच. दरवाढीला कंटाळून जो बीएसएनएलकडे गेला त्याला रेंज मिळाली नाही, तेव्हा दोष टॉवरचा होता, सिमचा होता की त्याच्या फोनचा, हे त्याला कुणी सांगितलं? त्याने मानलं की सरकारी कंपनीच वाईट, आणि तो परत गेला.

महागड्या फोनांचाही अपवाद नाही. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झालं. लोकांकडे 5जीचे फोन होते, त्यांनी त्याचे पैसे मोजले होते, शहरात टॉवर चालू होते, तरी अनेक फोनांत 5जी लागेना, कारण फोन बनवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधून ते उघडलेलं नव्हतं. सरकारला कंपन्यांची बैठक बोलवावी लागली. आयफोनला ती सोय डिसेंबरात मिळाली. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या फोनचा धोका वेगळाच. तिथल्या कंपनीचं कुलूप असलं तर इथलं सिम चालत नाही, आणि अमेरिकेतल्या आयफोनला तर 2022 पासून सिम घालायची जागाच नाही.

याचा उपाय अवघडही नाही, खर्चिकही नाही. फोनच्या खोक्यावर किंमत असते, आयातदाराचा पत्ता असतो, वजनमापाच्या कायद्याने लागणारं बाकी सगळं असतं. तिथेच मराठीत चार ओळी छापायला लावा: हा फोन चारही कंपन्यांचं 4जी पकडतो का, 700 मेगाहर्ट्झ आहे का, चारही कंपन्यांवर व्होल्टीने बोलता येतं का, तो कुठल्या कंपनीला बांधलेला आहे का. दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला हे दुकानदाराच्या तोंडी भरवशावर ऐकावं लागू नये. दुकानदार फसवतोच असं नाही, पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं.

कंपन्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत भक्कम आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पूर्वी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की फोन घेणाऱ्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे मिळत. ऑक्टोबर 2017 मध्ये ट्रायने हा दर 14 पैशांवरून 6 पैशांवर आणला आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य केला. त्यामुळे फक्त इनकमिंग घेणारा ग्राहक कंपनीला काहीच मिळवून देत नाही, उलट टॉवरचा खर्च वाढवतो, म्हणून किमान रिचार्ज हवाच, असं कंपन्या म्हणतात. 

पण या हिशेबात दोन गोष्टी गाळलेल्या आहेत. हैदराबादहून फोन करणाऱ्या मुलाने त्याच्या अमर्याद पॅकचे पैसे भरलेले असतात, आणि ते पैसे समोरच्याचा फोन वाजावा म्हणूनच भरलेले असतात. आईचा नंबर बंद झाला तर त्याच्या पॅकचा उपयोगही तेवढा कमी होतो. दुसरी गोष्ट ओटीपीची. बँका आणि व्यापारी संस्था मेसेज पाठवतात तेव्हा त्या मोबाइल कंपन्यांना दर मेसेजचे पैसे देतात. रोवणीवालीच्या फोनवर आलेल्या प्रत्येक ओटीपीचे पैसे बँकेने आधीच दिलेले आहेत. ती फुकट काही घेत नाही. तरीही कंपनीचा खर्च निघत नाही असं मानलं, तर त्यासाठी 35 रुपये पुरेसे आहेत असं कंपन्यांनीच 2018 मध्ये ठरवलं होतं. त्यात सात वर्षांची महागाई धरा, तरी ते 199 होत नाहीत.

म्हणून मागणी अशी आहे. फक्त इनकमिंग, ओटीपीचे मेसेज आणि आणीबाणीचे क्रमांक एवढंच चालू ठेवणारं वर्षभराचं व्हाउचर प्रत्येक कंपनीने द्यावं, आणि जास्त बोलायचं असेल त्याने त्यावर दहा-वीस रुपयांचा टॉपअप मारावा. त्या व्हाउचरची कमाल किंमत राज्यातल्या रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी असावी. महाराष्ट्रात 2025-26 च्या दराने ती 312 रुपये, म्हणजे 28 दिवसांना 24. मजुरी वाढेल तसं व्हाउचर वाढेल, यात कंपन्यांचंही नुकसान नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. 1997 च्या ट्राय कायद्याच्या कलम 11(2) ने दर ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिलेला आहे, आणि रोमिंगच्या बाबतीत त्याने तो वापरलाही आहे. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, आणि उत्तरादाखल पुन्हा 1.89 डॉलरचा तक्ता आला तर तो आजच्या दराने भरून मागावा.